ब्ल्यू नोट १५६८ : एका तबकडीची किंमत

न्यूयॉर्कच्या ब्ल्यू नोट कंपनीने १९५७ साली टेनर सॅक्सोफोनवादक हँक मोब्ली याची, त्याच्याच नावाने, एक बारा इंची एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) काढली. तिचा क्रमांक १५६८. जाझच्या जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांमध्ये शीर्षक सांगण्याचीही गरज पडत नाही. हा आकडा उच्चारला की पुरते. पहिल्या छपाईची, चांगल्या अवस्थेतली प्रत लिलावात दहा हजार डॉलरांच्या वर गेलेली आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने आठ लाख रुपयांहून अधिक. एवढी रक्कम मोजून घेणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडते, हे पाहायचे तर ही तबकडी कशी तयार झाली इथून सुरुवात करावी लागते.

ब्ल्यू नोटची स्थापना १९३९ मध्ये आल्फ्रेड लायन यांनी केली आणि त्याच वर्षी त्यांचे बालमित्र, छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ त्यांना येऊन मिळाले. दोघेही बर्लिनचे ज्यू. कंपनी अगदी लहान होती, तरीही वादकांना ध्वनिमुद्रणापूर्वीच्या तालमीचेही पैसे देण्याची प्रथा तिने पाळली, आणि तिच्या रेकॉर्डींमधला बांधीव, तयारीचा वाद्यमेळ ऐकताना त्या प्रथेचे मोल कळते. ध्वनिमुद्रण होत असे न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात. व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढून देत आणि उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रण करत. याच खोलीत २३ जून १९५७ रोजी मोब्लीसोबत ट्रम्पेटवादक बिल हार्डमन, सॅक्सोफोनवादक कर्टिस पोर्टर, पियानोवर सनी क्लार्क, बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर आर्ट टेलर जमले.

आता तबकडी हातात घेऊन दिव्याखाली थोडी तिरकी धरू. संगीताच्या खाचा जिथे संपतात तिथून लेबलपर्यंत जी गुळगुळीत रिकामी पट्टी राहते, तिच्यावर व्हॅन गेल्डर यांच्या नावाची तीन आद्याक्षरे हाताने कोरलेली दिसतात. मूळ लॅकर तबकडी, म्हणजे जिच्यावरून छपाईचे साचे बनतात ती, त्यांनी स्वतः कापली, याची ती सही. त्याच पट्टीवर कानाच्या आकाराची एक बारीक खूण असते. ती वास्तविक प्लास्टिलाइट या छापखान्याचे ‘पी’ हे वळणदार अक्षर आहे, पण संग्राहक तिला ‘कान’च म्हणतात. साठच्या दशकाच्या मध्यात कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सकडे गेली आणि प्लास्टिलाइटचे काम थांबले, त्यामुळे कान नसला की छपाई नंतरची, असा साधा हिशेब आहे. लिबर्टीने शिल्लक राहिलेली जुनी लेबले काही काळ वापरली असल्याने नुसत्या लेबलवर विसंबणारा फसू शकतो. १५६८च्या बाबतीत तर लेबलच विशेष आहे. एका बाजूला कंपनीचा वेस्ट ६३व्या रस्त्याचा पत्ता एका पद्धतीने छापलेला, तर दुसऱ्या बाजूला तोच पत्ता ‘न्यूयॉर्क २३’ असा, टपाल विभागाच्या क्रमांकासह. छपाईच्या वेळी एका प्रकारची लेबले संपल्याने दुसरी लावली गेली, असे संग्राहक सांगतात. एका आकड्याच्या फरकाने किंमत कितीतरी पटींनी बदलते.

दुर्मिळतेचे कारण मात्र साधे व्यापारी आहे. जिमी स्मिथ किंवा होरेस सिल्व्हर या लोकप्रिय जाझवादकांच्या ज्या रेकॉर्डी खपत, त्या पुन्हा पुन्हा छापल्या जात. ही फारशी खपली नाही, म्हणून थोड्याच प्रती निघाल्या. त्या थोड्या प्रतींपैकीही बहुतेक घरोघरी वाजून झिजल्या, कारण त्या काळच्या प्लेअरचे टोनआर्म, म्हणजे सुई धरणारे दांडे, जड असत. वरून चकचकीत दिसणारी तबकडीही बाजूच्या शेवटच्या भागात, जिथे खाचा आतल्या वर्तुळात दाटतात, सॅक्सोफोनचा स्वर फाटलेला ऐकवते. झिजलेली खाच पुसून किंवा धुऊन बरी होत नाही. म्हणून केवळ फोटो पाहून लाखांची बोली लावणे धोक्याचे आहे. विक्रेत्याकडून त्या शेवटच्या मिनिटांचे ध्वनिमुद्रण मागून घ्यावे. जपानी संग्राहकांनी अमेरिकेतून या मालाची दीर्घकाळ खरेदी केली, पुढे इंटरनेटवरच्या लिलावांनी जगभरचे ग्राहक एकाच बोलीवर आणून उभे केले, आणि भाव चढत गेले.

निव्वळ ऐकण्यासाठी मात्र एवढा खर्च करण्याची गरज नाही. ब्ल्यू नोटच्या जुन्या रेकॉर्डींच्या जपानी आवृत्त्या काळजीपूर्वक काढलेल्या आहेत, आणि २०१९ पासून खुद्द ब्ल्यू नोटने ‘टोन पोएट’ मालिकेत मूळ टेपांवरून कापलेल्या उत्तम तबकड्या सामान्य रसिकाला परवडतील अशा भावात आणल्या आहेत. तरीही पहिल्या छपाईमागे धावणाऱ्याला वेडा ठरवणे अन्यायाचे होईल. टेप ताजी असताना, ती मुद्रित करणाऱ्यानेच कापलेली तबकडी हा त्या दिवसाचा सर्वांत जवळचा पुरावा आहे, आणि तो जपून ठेवणारे लोक असणे ही चांगलीच गोष्ट आहे.

सलते ते वेगळेच. जुनी रेकॉर्ड विकली गेली की पैसा विक्रेता आणि लिलावसंस्था यांच्यात वाटला जातो. वादकाला किंवा त्याच्या वारसांना त्यातले काहीही मिळत नाही. सनी क्लार्क १९६३ मध्ये ३१व्या वर्षी गेला, पॉल चेंबर्स १९६९ मध्ये ३३व्या. मोब्लीने ब्ल्यू नोटसाठी वीसहून अधिक रेकॉर्डी केल्या, १९६१ मध्ये विख्यात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात वाजवले, पण सत्तरच्या दशकात फुप्फुसांच्या आजाराने त्याला वादन सोडावे लागले, आणि १९८६ मध्ये फिलाडेल्फियात, हलाखीत, वयाच्या ५५व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. लिलावाच्या वर्णनांत कान, पत्ता आणि खाचांची अवस्था बारकाईने लिहिलेली असते. त्याच वर्णनात साथीच्या पाचही वादकांची नावे पूर्ण लिहिली जावीत, एवढी अपेक्षा विक्रेत्यांकडून करता येते. त्याला एक ओळ पुरते.