रात्री चरायला निघणारी वाळवी

(दृश्य: भर दुपार. पानं गळालेली झाडं, काटेरी निवडुंग, तापलेली जमीन.)

ब्राझीलच्या ईशान्येला कातिंगा नावाचं कोरडं रान पसरलं आहे. पाऊस इथे वर्षातले थोडेच महिने पडतो, आणि त्याचाही भरवसा नसतो. कोरड्या दिवसांत बहुतेक झाडं पानं टाकून देतात. मग नजर जाईल तिथवर करडी, पांढुरकी खोडंच दिसतात.

कॅमेरा त्या खोडांजवळ नेला की रंग दिसू लागतात: राखाडी, फिकट हिरवे, पिवळसर चट्टे. हे लायकेन आहेत, दगडफुलाच्या जातकुळीतले. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला हा संसार. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा देते. लायकेनला मुळं नसतात, त्यामुळे पाण्यासाठी तो जमिनीवर अवलंबून नाही. दव आणि हवेतला ओलावा यावर त्याचं भागतं. पार वाळला तरी तो मरत नाही, नुसता थांबतो. रात्री हवा दमट झाली की पुन्हा जागा होतो, सकाळी थोडा वेळ अन्न तयार करतो आणि ऊन चढलं की परत निपचित पडतो. झाडांची पानं गळाली की खोडांवर जास्त उजेड येतो. झाडांचे हाल असतात तेव्हा लायकेनला मात्र ऊन भरपूर मिळतं.

(दृश्य: रात्र. खोडाला चिकटलेलं काळपट, कडक वारूळ.)

या वारुळात राहणाऱ्या वाळवीचं शास्त्रीय नाव कॉन्स्ट्रिक्टोटर्मिस सिफरगास्टर. वाळवी म्हटलं की मातीच्या नळ्या आठवतात, आणि ते बरोबरच आहे. वाळवीची कातडी नाजूक असते. उघड्या हवेत तिच्या अंगातलं पाणी भराभर उडून जातं, मुंग्या तुटून पडतात. म्हणून बहुतेक जाती छपराखालूनच ये-जा करतात. ही जात मात्र अंधार पडला की सरळ उघड्यावर येते.

रांगेच्या दोन्ही कडांना सैनिक उभे राहतात. त्यांचं डोकं पुढे सोंडेसारखं निमुळतं झालेलं असतं. शत्रू जवळ आला की त्यातून चिकट, झोंबणारा द्राव उडतो. मधून कामकरी वाळवी चालते. तिला डोळे नाहीत. पुढच्यांनी पोटाखालच्या ग्रंथीतून सोडलेल्या वासाचा माग हीच तिची वाट. खोडावर पोचल्यावर ती लाकूड कुरतडते, आणि लायकेनही खरवडून खाते.

एवढा धोका पत्करून लायकेनच का?

लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी नावापुरतं असतं. नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साडेतीनशे ते हजार भाग निघतात. वाळवीच्या स्वतःच्या शरीरात हेच प्रमाण एकाला चार ते बारा असतं. नुसत्या लाकडावर पोट भरलं, तरी अंग वाढवायला, पिल्लं पोसायला लागणारी प्रथिनं कुठून आणायची? वाळवीच्या आतड्यातले काही जिवाणू हवेतलं नत्र बांधून थोडी मदत करतात. लायकेनमध्ये तर लाकडाच्या मानाने नत्र बरंच जास्त. शिवाय तो बाराही महिने हजर असतो. पानं नसलेल्या रानात ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या मते रात्रीच बाहेर पडण्यात आणखी एक सोय असावी: ओलावा शोषून मऊ झालेला लायकेन खरवडायला सोपा जात असणार.

लायकेन खाणारे प्राणी जगात मोजकेच. बऱ्याच लायकेनमध्ये कडू आम्लं असतात आणि ती खाणाऱ्याला दूर ठेवतात. हिवाळ्यात बर्फ उकरून लायकेन खाणारं रेनडियर सर्वांना माहीत असतं. गोगलगायी आणि काही माइट (कोळ्यांच्या गोत्रातले बारीक जीव) हेही खातात. आग्नेय आशियाच्या ओल्या जंगलांत हॉस्पिटलिटर्मिस ही काळी वाळवी लांबच लांब रांगा करून लायकेन आणि शेवाळ गोळा करते, त्याचे गोळे तोंडात धरून वारुळात नेते. तिथे ओलाव्याची ददात नाही. कातिंगामध्ये उन्हाने होरपळलेल्या सालीवर हेच काम चालतं, म्हणून मला ही जात जास्त थक्क करते.

लायकेन फार सावकाश वाढतो. सालीला घट्ट चिकटणाऱ्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर पसरतात. त्यामुळे खरवडलेली जागा भरून यायला वेळ लागतो.

(दृश्य: वारुळाचा आडवा छेद.)

वाळवीच्या पोटात गेलेल्या लायकेनचा प्रवास इथे संपत नाही. वारुळाच्या भिंती वाळवीच्या विष्ठेने लिंपलेल्या असतात. त्याच वारुळात इनक्विलिनिटर्मिस नावाची दुसरी वाळवी राहते. ती स्वतःचं वारूळ बांधत नाही. तिचं घर इथेच, आणि तिचं अन्नही याच भिंतींमधून येतं.