एकाच केळफुलावर दोन पाळ्या

कोकणातल्या एखाद्या परसात केळ व्याली आणि केळफूल लोंबू लागले, की त्यातल्या मधासाठी दोन गिऱ्हाइके येऊ लागतात. मात्र त्यांची एकमेकांशी सहसा गाठ पडत नाही. दिवसा येतो तो जांभळा शिंजीर. वजनाने दहा ग्रॅमही न भरणारा हा पक्षी आपली बाकदार चोच फुलात घालून मध ओढतो. दिवेलागणीनंतर येते ते आखूड नाकाचे फळवाघूळ, त्याच्या कितीतरी पट जड. लागवडीतल्या केळीला खरे तर या दोघांचीही गरज नसते, कारण तिची फळे परागीभवनाविनाच धरतात.

शिंजिराचा पंख पिसांचा असतो आणि त्यातली बोटे जुळून गेलेली असतात. वाघळाचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली त्वचा, म्हणजे एक प्रकारे पसरलेला हातच. अंगठा तेवढा मोकळा राहिल्याने त्याच्या नखाने फुलाला धरता येते. वटवाघळे प्रतिध्वनीवर वाट काढतात असे आपण शाळेत शिकलो, पण हे वाघूळ मुख्यतः मोठ्या डोळ्यांवर आणि नाकावर विसंबते.

घर बांधण्याच्या बाबतीत मात्र दोघांची रीत अगदी उलटी आहे. कोळ्याची जाळी, वाळके गवत आणि सालींचे तुकडे जोडून, दारावर छोटासा छज्जा काढून, लोंबते घरटे विणते ती एकटी शिंजिराची मादी. नर जवळपास गात असतो. फळवाघळांत हे कष्ट नराचे. भेरली माडाच्या लोंबत्या घोसातल्या आतल्या काड्या कुरतडून तो घुमटासारखी पोकळी तयार करतो आणि तिथे अनेक माद्या येऊन राहतात. पुण्यात हे बारकाईने पाहिले गेले आहे.

या वाघळाच्या नावाखाली दुसरेच एक वाघूळ वर्षानुवर्षे दडून राहिले होते. १९४८ साली दक्षिणेतल्या हाय वेव्ही डोंगरांत मिळालेला तो नमुना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात पडून होता. १९७२ साली थाई प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी ती वेगळी जात असल्याचे ओळखले आणि तिला नाव दिले ते पक्ष्यांमागे आयुष्य घालवलेल्या सालिम अलींचे. त्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र फळवाघळांना उंदीर आणि कावळ्यांच्या पंगतीला, ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या परिशिष्टात बसवले. ते परिशिष्ट रद्द झाले २०२२ च्या दुरुस्तीने.