पूर्ण संच कुणाच्या यादीनं?

(आमच्या नाणेसंग्राहकांच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे. खोकला आणि दोन ठिकाणची पुनरुक्ती काढली, बाकी तसंच ठेवलंय.)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, 'पूर्ण संच विकत घ्यावा की एकेक नाणं जमवावं?' याचं उत्तर मी शेवटच्या दहा मिनिटांत देणार आहे. आधी दिलं तर चहाच्या आधीच अर्धी खोली रिकामी होईल, हा अनुभव आहे.

सगळ्या नाण्यांबद्दल बोलत नाही. मुघल, शिवराई, राणीछाप यांवर बोलणारी माझ्याहून जाणती माणसं समोर बसली आहेत. मी बोलणार फक्त नया पैशाबद्दल. १ एप्रिल १९५७ ला आला, १९६३ पर्यंतच्या नाण्यांवर 'नया' होता आणि १ जून १९६४ पासून नुसता 'पैसा' राहिला. सात वर्षं नवेपण टिकलं, आमच्या घरात सुनेचंही एवढं टिकलं नाही. (हशा) ती आज आलेली नाही, म्हणून बोलतोय.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. नया पैसा आला तेव्हा मी सात वर्षांचा, आणि दादांच्या डोक्याला ताप. जुने आणेही चालू, नवे पैसेही चालू. रुपयाचे आणे सोळा, नये पैसे शंभर, म्हणजे एका आण्याला सव्वासहा नये पैसे. पाव पैसा देणार कुठून? म्हणून तक्ता ठरला होता: एका आण्याचे सहा, दोनाचे बारा, तीनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस. आता गंमत बघा. एकेक आण्याची तीन तिकिटं वेगवेगळी काढली तर अठरा पैसे, एकदम तीन आणे दिले तर एकोणीस. दादा सांगायचे, एक आजोबा नातवंडांना गाडीत तीन टोकांना बसवायचे आणि ओळख दाखवायची नाही असं बजावायचे. धाकटा मात्र मध्येच "आबा, शी" म्हणून ओरडायचा.

हे सांगण्याचं कारण, माझा संग्रह त्या कातडी बॅगेतून सुरू झाला. दादा घरचे चार-पाच पैसे खिशात घेऊन निघायचे. बॅगेत एखादा वेगळा दिसला की आपला पैसा आत, तो बाहेर. हिशेबात खोट नाही, डेपोत भरणा पैशाला पैसा बरोबर. रात्री जेवण झालं की कंदिलाजवळ बसून आम्ही तारखेखालची खूण बघायचो. मुंबईच्या टांकसाळीची पत्त्यातल्यासारखी चौकट. कलकत्त्याची काहीच खूण नाही, रिकामी जागा हीच खूण. आणि हैदराबाद. आजच्या मुलांना हैदराबाद म्हटलं की चांदणी माहीत असते, पण ती नंतरची. त्या काळात आधी दुभंगलेली चौकट होती आणि मग चौकटीच्या पोटात टिंब. हे टिंब लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

मध्येच एक अपघात सांगतो. दिवाळीच्या आधी आईनं तांब्या-पितळेची भांडी काढली आणि घंगाळात माझी डबीही रिकामी केली. चिंच, मीठ, राख. सगळे पैसे गुलाबी! तिनं कौतुकानं ताटात मांडून दाखवले. मी दोन दिवस जेवलो नाही, असं आई सांगायची. मला आठवतं त्याप्रमाणे मी एक वेळ जेवलो नाही. नया पैसा ब्राँझचा, त्याचा तपकिरी रंग काळानं चढलेला असतो. एकदा घासला की तो परत येत नाही, येतो तो भलताच. तो चिंचेचा गुलाबी मला आजही दहा फुटांवरून ओळखता येतो.

तर पन्नास वर्षं हे चाललं. सात वर्षं, तीन टांकसाळी, शिवाय १९६२ मध्ये धातू बदलला, ब्राँझचाही आहे आणि निकेल-ब्रासचाही. सगळं धरून माझ्या वहीत दोन डझनांच्या आत-बाहेरची यादी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार किती घालवले याचा हिशेब माझ्याकडे नाही, सौभाग्यवतींकडे आहे. साठी आली तेव्हा अल्बमातल्या तीन खाचा रिकाम्या होत्या, दोन हैदराबादच्या, एक मुंबईची.

साठीच्या दिवशी भाचा आला. हातात मखमली पेटी, वर सोनेरी अक्षरात 'संपूर्ण संच'. एका प्रदर्शनातल्या विक्रेत्याकडून घेतलेली. किंमत त्यानं सांगितली नाही, पण त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर ती होती. टाळ्या झाल्या. ही म्हणाली, "संपलं ना एकदाचं?" मी हसलो, पण पोटात कालवलं. पन्नास वर्षं जे शोधतोय ते केक कापता कापता संपायचं?

रात्री सगळे झोपल्यावर भिंग काढलं. पेटीत नाणी किती? सात. प्रत्येक वर्षाचं एक. टांकसाळीचा पत्ताच नाही, जे मिळालं ते बसवलेलं. मला हवी ती तीनही नाणी त्यात नव्हती! आणि सातातली दोन गुलाबी. कुणाच्या तरी आईनं घासलेली. मी एवढा खूश झालो की हिला उठवून सांगितलं. तिनं काय उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

भाच्याला आजतागायत सांगितलेलं नाही. "मामा, पेटी कुठंय?" असं त्यानं विचारलं की मी आदरानं दाखवतो. विक्रेत्यावरही राग नाही. त्याच्या यादीनं संच पूर्णच होता, माझ्या यादीनं नव्हता. माझं सगळं व्याख्यान एवढ्यावर आहे. 'पूर्ण' हा नाण्यांचा गुण नाही, यादीचा आहे. संच घेता तेव्हा नाण्यांबरोबर दुसऱ्याची यादीही विकत घेता, आणि ती कुणी वाचत नाही.

किती? आठ मिनिटं? मला वाटलं वीस आहेत. बरं, मग विषयाचं बोलतो.

पहिलं, गणित. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी करून दिलेलं. समजा वीस प्रकार आहेत, सगळे सारख्याच संख्येनं बाजारात, आणि तुम्ही न बघता एकेक उचलताय. वीस पुरे व्हायला सरासरी ७२ नाणी उचलावी लागतात. पहिल्या सतरांना ३५ पुरतात, शेवटची तीन उरलेली ३७ खातात. प्रत्यक्षात सगळे प्रकार सारखे नसतातच, म्हणजे हाल याहून जास्त. तेव्हा "पंचवीस वर्षांत एवढंच जमलं?" असं घरी कुणी म्हणालं तर हे सांगा. उपयोग होत नाही, पण सांगा.

दुसरं, संच घ्यावा कधी? जे चिल्लरीत येणारच नाही ते. टांकसाळीची सीलबंद प्रूफ नाणी, म्हणजे खास संग्राहकांसाठी चकचकीत पाडलेली, आणि स्मारक नाणी. बृहदीश्वराच्या मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून काढलेलं हजार रुपयांचं नाणं तुम्हाला भाजीवाला सुट्टे म्हणून देणार आहे का? ते पाकिटासकट घ्या आणि पाकीट फोडू नका.

तिसरं, जुना संच घेताना आधी सगळ्यात अवघड नाणं बघा, बाकीची लोणच्या-पापडासारखी. विकणारा शहाणा असतो. चांगलं अवघड नाणं तो सुटं विकतो आणि संचात त्याच्या जागी झिजकं, घासलेलं किंवा खोटं बसवतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया घ्या. तो दुर्मीळ, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ करणारे कारागीर आहेत. चमकणाऱ्या ओळीत तो बसला की आपली नजर सरकते. तोच सुटा हातात आला असता तर तासभर भिंगाखाली ठेवला असता.

चौथं... राहू द्या. नाही, हे सांगतोच, टिंबाचं. पेटीच्या रात्री माझाही संग्रह पुन्हा भिंगाखाली घातला. हैदराबादचं टिंब नाणं झिजलं की आधी जातं, उरते ती नुसती चौकट, म्हणजे मुंबई. माझ्या मुंबईच्या रांगेतलं एक नाणं तिरक्या उजेडात धरलं तर चौकटीच्या पोटात बारीकसा फुगवटा. ते दादांनी दिलेलं आणि दोघांनी मिळून 'मुंबई' म्हणून लावलेलं. म्हणजे हैदराबादची एक खाच भरली आणि मुंबईची एक नवी रिकामी झाली. खाचा पुन्हा तीनच. एकेक जमवणाराही चुकतो, पण आपली चूक आपल्यालाच सापडते. पेटीतली कुणी शोधायला जात नाही.

हो, हो, संपवतो. चहा आलेला दिसतोय. पेटी आणि अल्बम दोन्ही तिकडच्या टेबलावर ठेवलेत. भज्यांचे हात पुसून घ्या, नाणं कडेनं धरा, आणि गुलाबी दोन कुठली ते ओळखून दाखवा. मागे बसलेल्या साहेबांकडे हैदराबादचा जादा नया पैसा आहे असं कानावर आलंय. मला विकत नकोय. बदल्यात कलकत्त्याचे दोन देतो. तीन देतो, चला.