गिरणीच्या रांगेत सापडलेले घर

श्रोतेहो, नमस्कार.

मे आणि जून हे महिने आपल्याकडे बदल्यांचे, सामान भरलेल्या टेम्पोंचे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे असतात. कोणाची बदली लातूरहून पुण्याला होते, कोणाला ठाण्यात नवी नोकरी लागते, आणि मग घरातली मोठी माणसे भाडे, डिपॉझिट, खोल्यांची संख्या आणि गाडी उभी करण्याची जागा यांचा हिशोब मांडून बसतात. तो हिशोब आपणा सर्वांना येतो, म्हणून त्यावर मी वेळ घालवणार नाही. मला बोलायचे आहे ते घराच्या उंबऱ्यापलीकडे सुरू होणाऱ्या वस्तीबद्दल, जिथून आपले मूल शाळेला जाणार आहे आणि जिथे घरातली आजी एकटीने कोथिंबीर आणायला बाहेर पडणार आहे. स्वयंपाकघरातला ओटा मोडून नवा घालता येतो, पण समोरच्या रस्त्याला पदपथ नसेल तर तो काही आपल्याला बांधून घेता येत नाही.

पहिली गोष्ट मी आज दोनदा सांगणार आहे, कारण ती कागदावर लिहून ठेवण्याइतकी महत्त्वाची आहे. घर पाहायला रविवारी सकाळी 11 वाजता जाऊ नये. एजंट नेमकी तीच वेळ देतो, कारण त्या वेळी रस्ते मोकळे असतात, टँकर येऊन गेलेला असतो, आणि कोणतीही वस्ती त्या वेळी शांत व सालस दिसते. घर पाहायला कामाच्या दिवशी जावे, एकदा सकाळी 8 वाजता आणि एकदा संध्याकाळी 7 वाजता. सकाळी 8 वाजता मुले शाळेला आणि मोठी माणसे कामाला कशी बाहेर पडतात ते दिसते, तर संध्याकाळी 7 वाजता वस्तीत कोण बसते, कोण खेळते, कोण एकटे चालत घरी येते आणि रस्त्यावर दिवे लागतात की नाही, हे सारे कोणालाही न विचारता कळते.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, याचे कारण मी स्वतः रविवारी सकाळी 11 वाजताच गेले होते.

2018 साली माझी बँकेतली बदली सोलापूरहून पुण्याला झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, 2017 मध्ये, पुणे महापालिकेच्या हद्दीत आसपासची 11 गावे आली होती आणि शहराच्या कडेला जिकडे पाहावे तिकडे नवी संकुले उभी राहत होती. त्यांतल्याच एका संकुलात एजंटाने आम्हाला नेले. दारात कारंजे होते, मागे पोहण्याचा तलाव होता, सातव्या मजल्याच्या गॅलरीतून टेकडी दिसत होती, आणि संकुलाचे नाव असे होते की माझ्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत उच्चारता आले नाही. आपल्या इमारतींना परदेशातल्या गावांची नावे देण्याची ही हौस कोठून आली, कोणास ठाऊक. ज्या नावाचा पत्ता टेम्पोवाल्याला फोनवर सांगताना तीनदा सांगावा लागतो, ते नाव पाटीवर कितीही शोभले तरी मला ते सोयीचे वाटत नाही. ते असो. आम्ही टेकडी पाहिली, भाळलो आणि अकरा महिन्यांच्या करारावर सही केली.

जूनमध्ये खरा परिसर दिसू लागला. गाव महापालिकेच्या हद्दीत आले म्हणून महापालिकेचे पाणी लगेच नळाला येत नाही, हे आम्हाला पहाटे साडेपाच वाजता टँकरच्या मोटारीच्या आवाजाने कळले. मुलगी दुसरीत होती आणि तिची शाळेची बस साडेसहाला फाटकाशी येत असे, कारण शाळा 12 किलोमीटरवर होती. संध्याकाळी खाली उतरावे तर बाग रिकामी असे. मुले होती, पण ती कोणत्या ना कोणत्या क्लासला गेलेली असत. फाटकाबाहेर पदपथ नव्हता आणि मालट्रक इतक्या जवळून जात की मुलीला एकटीला समोरच्या दुकानात पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. कारंजेसुद्धा रविवारीच चालू असते, हेही आम्हाला नंतर समजले.

जुलैमध्ये सासूबाई आल्या, आणि येताना त्यांनी मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे पोते आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अगं, गिरणी कुठं हाय इथली?"

मी म्हणाले, "आई, इथे गिरणी नाही. पीठ घरपोच मिळते, मी मागवते."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू पाणी घरपोच मिळते म्हणून मी विहीर बुजवायला निघाले होते. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना कडेने चिरते, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात शिकवलेले होते. या एका बाबतीत मीही त्यांच्याच पक्षाची आहे. पाकिटातल्या पिठावर कितीही सोनेरी अक्षरे छापलेली असली, तरी ते कधी दळले हे त्या अक्षरांना माहीत नसते.

आम्ही कामावर गेलो. सासूबाईंनी डब्यात पाच किलो ज्वारी भरली, फाटकावरच्या वॉचमनला गिरणी विचारली, आणि त्याने सांगितल्याप्रमाणे सहाआसनी रिक्षात बसून दोन किलोमीटरवरच्या जुन्या गावठाणात गेल्या. पुण्याच्या पोटात अशी गावे पुष्कळ आहेत. कोथरूड काय, औंध काय, हडपसर काय, ही एके काळची गावेच होती, आणि आजही मोठ्या रस्त्यावरून आत वळले की मारुतीचे देऊळ, पार, किराणा दुकान आणि गिरणी असा जुना ऐवज सापडतो. सासूबाई गिरणीपाशी पोहोचल्या तेव्हा गिरणी बंद होती, कारण मालकांनी दगडाला टाकी लावायला घेतली होती. डबे रांगेत ठेवलेले होते आणि डब्यांच्या मालकिणी बाकड्यावर बसल्या होत्या. सासूबाईही बसल्या.

संध्याकाळी सात वाजता आम्ही घरी आलो तेव्हा घराला कुलूप होते. मुलगी शेजारी बसलेली होती, सासूबाईंचा मोबाईल आतच वाजत होता, आणि माझ्या यजमानांचा चेहरा पांढरा पडला होता. वॉचमनला विचारले, खालच्या दुकानात विचारले. शेवटी साडेसात वाजता डबा कडेवर घेतल्यासारखा धरून सासूबाई फाटकातून आत आल्या आणि म्हणाल्या, "घर बघून आले."

श्रोतेहो, त्या बाईंनी तीन तासांत बाकड्यावर बसून काय काय मिळवले होते, ते ऐका. गावठाणाला लागून एक तीस वर्षांची जुनी सोसायटी आहे. तिला महापालिकेचे पाणी आहे, मात्र उन्हाळ्यात ते एकच वेळ येते. मुलांचे डॉक्टर चौकात बसतात आणि रविवारी संध्याकाळीही दवाखाना उघडतात. शाळा चालत दहा मिनिटांवर आहे आणि मधल्या एका गल्लीत कुत्र्यांचा त्रास असल्यामुळे मुले देवळामागच्या वाटेने जातात. पावसात पुलाजवळच्या दोन इमारतींच्या तळमजल्यात पाणी शिरते, म्हणून तिकडे घर बघायचे नाही. या जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर बार्शीचे एक कुटुंब राहते, त्यांच्या मुलाची सहामाही परीक्षा झाली की ते दिवाळीत घर रिकामे करणार आहेत, आणि घरमालक निवृत्त शिक्षक असून त्यांचेही दळण याच गिरणीत येते. हे घर रिकामे होणार असल्याची खबर शहरातल्या एकाही एजंटाला नव्हती.

यजमान म्हणाले, "आई, तीस वर्षांची इमारत आहे. लिफ्टसुद्धा नसेल."

"जिना मला चढायचा हाय," सासूबाई म्हणाल्या, "दम तुला का लागतोय?"

त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही संध्याकाळी 7 वाजता ते घर पाहायला गेलो. जिन्याला नवा रंग हवा होता आणि स्वयंपाकघर अंधारे होते. पण खाली बारा-तेरा मुले लगोरी खेळत होती, पायरीवर तीन आज्या लसूण सोलत बसल्या होत्या, आणि आम्ही कोणाकडे आलो आहोत हे त्यांनी आम्हाला दोनदा विचारले. मला त्या चौकशीचा राग आला नाही. अनोळखी माणसाला हटकणारी आजी हा कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा चांगला पहारा आहे, असे माझे मत आहे, जरी त्याच आज्या पुढे माझ्या ऑफिसातून परतण्याच्या वेळांचीही नोंद ठेवू लागल्या. मुलगी आमच्याबरोबर वर आली नाही. "तुला नेम धरता येतो का?" असे एका मुलाने तिला विचारले आणि ती तिकडेच गेली.

पहिल्या करारात सहा महिने घर न सोडण्याची अट होती, त्यामुळे नोव्हेंबरपर्यंतचे भाडे आम्ही भरले आणि दिवाळीच्या सुट्टीत सामान हलवले. या घराचे तोटेही सांगते, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की मी गावठाणाची जाहिरात करते आहे. गाडी उभी करायला जागा नाही, माझा कामावर जाण्याचा वेळ 20 मिनिटांनी वाढला, आणि उत्सवाच्या दिवसांत ध्वनिक्षेपकाच्या भिंती खिडकीशी येऊन उभ्या राहतात. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही आवाजाची मर्यादा 2000 सालापासून नियमांत लिहिलेली आहे, आणि ती पाळायला भक्ती कोठे आड येते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

माझी गोष्ट लांबली. राहिलेल्या वेळात तीन-चार गोष्टी सांगते.

शाळेचे अंतर आधी पाहा, शाळेचे नाव नंतर. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे, आणि हे माप घर शोधतानाही चांगले उपयोगी पडते. सात वर्षांच्या मुलाने रोज दोन तास बसमध्ये काढावेत, इतकी मोठी कोणतीही शाळा नसते.

पाण्याविषयी बोलायचे तर ते नळाचे आहे, बोअरचे आहे की टँकरचे, हे मालकाला न विचारता त्या इमारतीत काम करणाऱ्या मावशींना विचारावे. भांडी त्याच घासतात. पाण्याचा दुसरा प्रश्न पुराचा आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, माणसे गेली, आणि एरवी ज्याला लोक नाला म्हणत होते तो ओढा होता याची साऱ्या शहराला आठवण झाली. म्हणून ज्या वस्तीत घर घ्यायचे, तिथल्या सर्वांत जुन्या दुकानदाराला पाणी कुठवर चढले होते, हे अवश्य विचारा.

आणखी एक गोष्ट, जी सहसा रेडिओवर बोलली जात नाही. काही ठिकाणी आपल्याला मुलगा कितवीत आहे हे विचारण्याआधी आडनाव विचारतात आणि पाठोपाठ घरात काय शिजते ते विचारतात. तुमच्या आडनावाला तिथे दार उघडत असले, तरी ज्या सोसायटीत शेजारी असे निवडले जातात तिथे आपले मूल काय शिकेल, याचा विचार करावा. मी अशी दोन घरे नाकारली, आणि त्यांतल्या एकाचे स्वयंपाकघर फार सुंदर होते.

नव्या शहरात घर विकत घेण्याची घाई करू नका. आधी भाड्याने राहा. करार अकरा महिन्यांचा असला तरी तो नोंदवलेला असावा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ही नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. सही करण्यापूर्वी किती महिने घर सोडता येणार नाही, ते कलम मोठ्याने वाचा. आम्ही ते वाचले नव्हते.

आणि दोनदा सांगेन म्हटले होते, म्हणून पुन्हा सांगते. घर पाहायला कामाच्या दिवशी जा, सकाळी 8 वाजता आणि संध्याकाळी 7 वाजता. रविवारी 11 वाजता जाऊ नका.

शाळेचे प्रवेश आणि सोसायटीचा मेंटेनन्स यांवरही बोलायचे ठरवून आले होते, पण तो वेळ गिरणीने खाल्ला. सासूबाई आता सोलापूरला असतात. काल फोनवर त्यांनी आमची खुशाली विचारण्याआधी विचारले, की गिरणीवाला ज्वारीवर ज्वारीच टाकतो ना, की मध्येच कोणाचा हरभरा दळून घेतो. मी म्हणाले, टाकतो. खरे म्हणजे गेल्या दोन आठवड्यांत मी गिरणीत गेलेलेच नाही. दळण आता मुलगी सायकलवरून घेऊन जाते आणि परत यायला तिला एक तास लागतो. नमस्कार.