‘मदतीसाठीच आहे, चालेल’

श्रोतेहो, नमस्कार.

एक वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. एखादा हॉल ठरतो, पाच-सहा हौशी रॉक बँड हो म्हणतात, तिकिटांचे पैसे कुणाच्या उपचारासाठी किंवा पुरात घर गेलेल्यांसाठी द्यायचे असं ठरतं. उत्साह असतो, फोन फिरतात, पोस्टर तयार होतं. आणि मग तयारीच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, “मदतीसाठीच आहे, चालेल.” तालीम दोनदाच झाली? चालेल. माइक एक कमी आहे? चालेल. हिशेबाचं नंतर बघू? चालेल. आज मला या ‘चालेल’बद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते अशा कार्यक्रमात सगळ्यात कमी जर काही चालत असेल, तर हेच.

मी बेस गिटार वाजवतो. पोटापाण्यासाठी दुसरं काम करतो आणि आठवड्यातून दोन रात्री तालमीला जातो. म्हणजे मी हौशी. हा शब्द मला फार आवडतो. आपल्याकडे हौशी रंगभूमी म्हटलं की कुणी ‘कच्चं नाटक’ असा अर्थ घेत नाही. दिवसभर नोकरी करून रात्री अकरापर्यंत तालीम करणारी, स्वतःच्या खिशातून खर्च करणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. हौशी बँडही तसाच असतो. पैसे मिळत नाहीत म्हणून वाईट वाजवायचं, हा हौसेचा अर्थ नव्हेच.

मदतीसाठी रॉक संगीत ही कल्पना मोठी झाली ती १ ऑगस्ट १९७१ रोजी. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशातून लाखो निर्वासित बाहेर पडत होते, आणि पंडित रविशंकर यांनी आपले मित्र, बीटल्स बँडचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांना काहीतरी करूया म्हणून गळ घातली. एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले, मिळून सुमारे ४० हजार लोक आले. सुरुवात सतार आणि सरोदनं झाली. रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखाँ. वाद्यं जुळवून झाली आणि समोरच्या गर्दीनं टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, एक रचना संपली. रविशंकर यांनी अगदी शांतपणे सांगितलं की आमचं वाद्य जुळवणं तुम्हाला एवढं आवडलं, तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे.

हा किस्सा लोक हसून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. समोर हजारो माणसं ताटकळत बसलीत, हेतू मोठा आहे, वेळ मोजका आहे, तरी या तिघांनी तारा पूर्ण सुरात लागेपर्यंत वादन सुरू केलं नाही.

त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिकिटांतून जमलेले जवळपास २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लवकर मिळाले. पण नंतर आलेल्या ध्वनिमुद्रिकेचे आणि चित्रपटाचे कितीतरी जास्त पैसे करखात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षं अडकले. कारण एवढंच की मदतीच्या संस्थेशी कागदोपत्री व्यवस्था कार्यक्रमाच्या आधी झालेली नव्हती. हेतूत तिळमात्र खोट नव्हती, पण मदत ज्यांना हवी होती त्यांना थांबावं लागलं.

म्हणून आयोजकांना माझं पहिलं सांगणं कागदाचं असतं. पैसे कुणाला जाणार, कुणाच्या खात्यातून जाणार, हॉलचं भाडं आणि साउंडचा खर्च त्यातून वजा होणार की वेगळा उभा करणार, हे पोस्टर छापायच्या आधी लिहून ठेवा. ‘सर्व रक्कम मदतीसाठी’ असं छापलं की सर्व म्हणजे सर्व. खर्च वजा करायचा असेल तर तसं स्पष्ट छापा, लोक समजून घेतात. आणि बँड दुसऱ्यांची गाणी वाजवणार असतील, जे हौशी बँड बहुतेक वेळा करतातच, तर जाहीर कार्यक्रमासाठी परवाना लागतो का तेही आधी विचारा. कार्यक्रम मदतीचा आहे म्हणून तो आपोआप माफ होतो असं नाही.

आता मंचावर येऊ, कारण माझा जीव तिथे आहे.

पाच बँड आणि एकच मंच असला की संध्याकाळ खाल्ली जाते ती दोन बँडच्या मधल्या वेळात. प्रत्येकानं आपापला ड्रमसेट आणला, तर जुना उतरवून नवा चढवण्यातच वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात निम्मा हॉल बाहेर जाऊन उभा राहतो. म्हणून ड्रमसेट एकच ठेवायचा. ड्रमर मात्र स्वतःचा स्नेअर म्हणजे पुढ्यातला छोटा ड्रम, स्वतःची सिंबल म्हणजे पितळी झांज आणि मोठा ड्रम पायानं वाजवायचं किक पेडल घेऊन येतात, कारण हात आणि पाय त्यांनाच सरावलेले असतात. एकदा एक ड्रमर मुलगी साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, झाल्यावर गुडघ्यांवर बसून सतरंजीवर रंगीत चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावत होती. तिच्या प्रत्येक स्टँडचा पाय कुठे यायला हवा, त्याची ती खूण होती. दुसऱ्या ड्रमरची खूण निळी, तिची पिवळी. तिच्या बँडची पाळी आली तेव्हा पाच मिनिटांत सगळं जागच्या जागी लागलं. त्या वाचलेल्या वेळात तिच्या बँडला एक गाणं जास्त मिळालं.

साउंड चेक उलट्या क्रमानं करतात, हेही बऱ्याच नव्या मुलांना माहीत नसतं. शेवटी वाजवणारा बँड आधी तपासायचा आणि सुरुवात करणारा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याचं सामान मांडलेलंच राहतं आणि पडदा उघडला की थेट गाणं. शिवाय रिकाम्या हॉलमधला आवाज खरा धरू नका. मोकळ्या भिंतींवर तो आपटून परत येतो. माणसं भरली की त्यांचे कपडे आणि अंगं आवाज पितात, आणि दुपारी कर्कश वाटलेली गिटार रात्री अगदी जागेवर बसते.

मग माइकची ती शिट्टी. हॉलमध्ये कान फोडणारी किंचाळी उठली की सगळे साउंडवाल्याकडे वळून बघतात. होतं असं की गायकाला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून समोर ठेवलेल्या स्पीकरमधला, म्हणजे मॉनिटरमधला, आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन मॉनिटरमधून बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि हे चक्र वाढत जातं. गायकाचे माइक बहुधा असे बनवलेले असतात की ते समोरचं ऐकतात आणि मागचं बरंचसं टाळतात. ते टाळणं जमतं जाळीच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या फटींमुळे. गायकानं जोशात जाळीच मुठीत धरली की त्या फटी बंद होतात, माइक चहूकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी सुरू. तेव्हा माझ्या तरुण गायक मित्रांनो, माइक दांड्याला धरा. तुमचे शब्दही लोकांना कळतील.

आवाज किती ठेवायचा, यावर प्रत्येक वेळी वाद होतो. रॉक हळू आवाजात होत नाही, हे मला मान्य आहे. छातीत धडधडणारा बेस ड्रम हा त्या संगीताचा प्राण आहे. पण लहान हॉलमध्ये ड्रम मुळातच इतके मोठे वाजतात की त्यांना माइक लावायची गरजही बऱ्याचदा नसते. कानाचं गणित मात्र कडक आहे. ८५ डेसिबल आवाज रोज आठ तासांपर्यंत धोक्याचा मानत नाहीत. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी जी मर्यादा सुचवली, तीही पंधरा मिनिटांच्या सरासरीत १०० डेसिबलची आहे. दारावर तिकिटाबरोबर फोमचे इअरप्लग द्यावेत, आणि लहान मुलांना स्पीकरच्या पुढ्यात उभं करू नये. कुणाच्या तरी आरोग्यासाठी पैसे गोळा करताना समोरच्यांचे कान अधू करून कसं चालेल?

आणि विजेबद्दल मी कुणाचंही ‘चालेल’ ऐकत नाही. अँपमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, घूं असा आवाज येतोय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. आवाज जातोही. पण मग गिटारच्या तारांवर बोटं आणि माइकच्या जाळीला ओठ लागले की तुम्हीच तार बनता. १९७२ मध्ये लेस्ली हार्वी हा ब्रिटिश गिटारवादक मंचावर माइकला हात लावताच असाच विजेच्या धक्क्यानं गेला. तो व्यावसायिक होता आणि अवघ्या सत्तावीस वर्षांचा. घूं येत असेल तर केबल बदला, सगळी उपकरणं एकाच ठिकाणाहून वीज घेतील असं बघा, जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. पिन काढू नका.

इतकं करूनही काहीतरी बिघडतंच, आणि त्याची लाज नको. १३ जुलै १९८५ ला इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी लाइव्ह एड झालं. जगभर प्रक्षेपण सुरू होतं. बीटल्सचेच पॉल मॅकार्टनी पियानोवर बसून गाऊ लागले, आणि पहिली दोनेक मिनिटं त्यांचा माइकच बंद. ते गात राहिले, प्रेक्षकांनी गाणं उचलून धरलं. त्याच मंचावर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडला मिळाली होती जेमतेम वीस मिनिटं, आणि एवढ्या मुरलेल्या बँडनं त्या वीस मिनिटांची आधी काही दिवस तालीम केली होती. हौशी बँडलाही साधारण तेवढाच वेळ मिळतो. गाणी चार असोत, पण पहिल्यातून दुसऱ्यात कसं जायचं, गिटार कोण कधी बदलणार, मधे कोण बोलणार, हे सगळं तालमीत ठरू द्या.

आता तुमच्याशी, श्रोत्यांशी. तुमचा भाचा किंवा शेजारची मुलगी वाजवणार आहे म्हणून तुम्ही तिकीट घेता, नेमके तिच्या बँडच्या वेळी येता आणि टाळ्या वाजवून निघून जाता. पैसे पेटीत पडले हे खरं. पण पहिल्या बँडसमोर रिकाम्या खुर्च्या असतात, आणि पहिल्या बँडमध्ये बहुधा सगळ्यात लहान मुलं असतात.

अशाच एका संध्याकाळी मी मंचाच्या कडेला उभा होतो. हॉल पाव भरलेला. पहिल्या बँडची गिटारवादक पंधरा-सोळा वर्षांची असेल. नवी तार त्याच दुपारी चढवलेली, आणि नवी तार उतरत राहतेच. पहिला कॉर्ड वाजवला आणि तिला कळलं. बाजूचा मुलगा कुजबुजला, “चालेल गं, सुरू कर.” तिनं मान हलवली, आवाज बंद केला, ट्यूनरच्या हिरव्या दिव्याकडे बघत एकेक तार लावली. अर्धं मिनिट गेलं असेल. मागच्या रांगांतली सात-आठ माणसं उठली. मला वाटलं, चालली. पण ती माणसं पुढे येऊन मंचाला खेटून उभी राहिली. मुलीनं ड्रमरकडे बघितलं, आणि त्यानं स्टिक्स एकमेकींवर चार वेळा वाजवल्या.