मण्याच्या भोकातून

(तेर. पावसानंतरचं पांढरीचं टेकाड.)

धाराशिव जिल्ह्यातलं तेर, तेरणेच्या काठचं. दोन-चार चांगले पाऊस पडून गेले की पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती धुपून खाली येते आणि मणी उघडे पडतात. लाल अकीक, पट्ट्यापट्ट्यांचा सुलेमानी, स्फटिक, शंख, काच. याच गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू चिकाटीनं गोळा केल्या. आज त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय गावात उभं आहे.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तगर ही दोन्ही नावं शेजारीशेजारी येतात. तगरहून कापड आणि पैठणहून सुलेमानी दगड बैलगाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जात, वाटेत धड रस्ताही नसे. दगड इथलाच होता. दख्खनचा काळा कातळ थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत सिलिका घेऊन पाणी झिरपलं, आणि थरावर थर बसून अकीक तयार झाला. आजही गोदावरीच्या वाळूत त्याचे गोटे सापडतात.

(तळहातावर एक मणी. कॅमेरा जवळ.)

हा लाल अकीकाचा मणी. हातात आला की माणूस आधी रंग बघतो, मग चकाकी. संग्राहकांची बहुतेक फसगत इथेच होते, कारण रंग भट्टीत आणता येतो आणि चकाकी पिंपात. मणी फिरवून भोक समोर घ्या. तो कुठल्या हत्यारानं, अंदाजे कुठल्या काळात विंधला, किती वापरला गेला, हे तिथे वाचता येतं. पण त्यासाठी भोक पाडतात कसं, हे आधी पाहायला हवं.

(रतनपूर आणि खंभात, गुजरात. खाण, भट्टी, कारखाना.)

भडोच जिल्ह्यातलं रतनपूर. इथे जमिनीत खोल विहिरीसारखे खड्डे घेऊन अकीकाचे गोटे काढतात. टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे, अकीकाच्या व्यापाराचा आरंभ लोक त्यांच्यापाशी नेतात. वर आलेला गोटा लाल नसतो. पिवळट, मातकट, कधी हिरवट असतो. तो आधी काही महिने उन्हात वाळत पडतो. ही घाई करण्याची जागा नाही, कारण आत ओल राहिली तर आगीत वाफ होते आणि गोटा आतून तडकतो.

मग तो मडक्यात जातो. मडकं उपडं ठेवतात, भोवती शेणी किंवा भुसा रचतात, आणि रात्रभर मंद आग. ३०० ते ३५० अंश सेल्सियसच्या आसपास दगडातल्या पिवळ्या लोहसंयुगातलं पाणी निघून जातं आणि त्याचं हेमेटाइट हे लाल लोहखनिज होतं. लाल रंग हेमेटाइटचा. एका भट्टीत हवा तो रंग येत नाही, पुन्हा पुन्हा भाजावं लागतं. भाजल्याचा आणखी एक फायदा म्हणजे दगड नीट फुटतो, ढलपी हवी तिथून निघते.

आता हे हात पाहा. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटाचं टोक वर आलंय. कारागीर दगड त्या टोकाला टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं ठोका देतो. ठोका वरून, पण ढलपी उडते खालून, खुंटाच्या बाजूनं. शिंग थोडं लवचीक असतं, म्हणून धक्का मऊ बसतो. तिथे लोखंडी हातोडी वापरली तर मणी उभा दुभंगेल. ढलप्या काढून आकार आला की साणेवर घासणं, आणि त्यानंतर भोक.

भोक सहसा शेवटच्या झिलईच्या आधी पाडतात. मणी सर्वांत जास्त फुटतात ते विंधताना, मग आधी झिलईवर श्रम का घालवायचे? म्हणूनच मणी बाहेरून कितीही गुळगुळीत असला तरी आत हत्याराच्या खुणा जशाच्या तशा राहतात.

मणी लाकडी चापात घट्ट बसवलाय. कमानीनं फिरणारा सामता, त्याच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कणी, आणि वरून भोकात थेंबथेंब पाणी. पाणी थांबलं तर टोक तापतं, दगडाचा चुरा भोकात गच्च बसतो आणि मणी तडकतो. अर्ध्यापर्यंत एका बाजूनं गेल्यावर मणी उलटतात. एकाच बाजूनं आरपार गेलं तर बाहेर पडताना पलीकडच्या तोंडाची मोठी कपची उडते. दोन बाजूंनी आलेली भोकं मध्ये भेटतात, पण अगदी समोरासमोर क्वचितच. तिथे एक बारीक पायरी राहते. ही पायरी लक्षात ठेवा.

झिलईसाठी पूर्वी चामड्याच्या पिशवीत मणी, अकीकाची पूड आणि पाणी भरून दोन माणसं ती पिशवी समोरासमोर बसून अनेक दिवस लोळवत. आता पिंपं फिरतात. घासताना-विंधताना उडणाऱ्या दगडाच्या धुळीनं खंभातच्या कारागिरांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो.

(भोकांच्या ठशांची मोठी छायाचित्रं.)

दातांचे डॉक्टर वापरतात ते पातळ सिलिकॉन भोकात भरून हे ठसे घेतलेत. भोकाची पोकळी इथे उलटी, भरीव होऊन बाहेर आली आहे.

पहिला ठसा दोन्हीकडून निमुळता, मध्ये अरुंद, डमरूसारखा. हे निमुळत्या गारगोटीच्या टोकाचं काम. असं टोक झिजत जातं तसं भोक आत आत बारीक होतं, म्हणून लांब मणी त्यानं जमत नाही.

दुसरा ठसा हडप्पाकालीन लांब मण्याचा. भोक जवळजवळ सरळ नळीसारखं, पण टप्प्याटप्प्यानं बारीक होत गेलेलं, कारण टोक झिजलं की कारागीर दुसरं, किंचित बारीक टोक लावी. आत खोल रिंगणं, आणि रिंगणांच्या मध्ये चक्क झिलई. हे टोक अर्नेस्टाइटचं, हिरवट-तपकिरी, अतिशय कठीण दगडाचं. १९३५-३६ मध्ये सिंधमधल्या चन्हुदडो या हडप्पाकालीन स्थळी उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्यावरून हे नाव पडलं. कच्छमधल्या धोलावीरातही ही टोकं मोठ्या संख्येनं मिळाली आहेत. प्रयोगात यानं तासाला साधारण अडीच मिलिमीटर भोक पडलं. म्हणजे १२ सेंटिमीटरचा मणी विंधायला निव्वळ ४८ तास, हत्यार बदलणं, मणी थंड करणं वेगळंच. कराचीजवळच्या अल्लाहदिनो इथे मिळालेल्या कमरपट्ट्यात असे लांब मणी ३६ आहेत. याच घडणीचे मणी मेसोपोटेमियात, उरच्या राजेशाही दफनांतही निघाले.

तिसरा ठसा हिऱ्याच्या सामत्याचा. भोक अरुंद, रिंगणं बारीक आणि सारख्या अंतरावर. मध्ये ती पायरी. सातवाहन काळापासून मध्ययुगापर्यंत आणि खंभातला कालपरवापर्यंत हीच पद्धत, म्हणून एवढ्यावरून शतक ठरत नाही. इथे आकार, वापराची झीज आणि सापडल्याची जागा यांची जोड लागते.

चौथा ठसा सर्वांत नीटनेटका, आणि तोच आजचा. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकच व्यास, पायरी नाही, आतला पृष्ठभाग घासल्या काचेसारखा. हे यंत्राचं भोक. 'सातवाहन' म्हणून विकल्या जाणाऱ्या माळेत हे दिसलं की विषय संपला. फक्त एक अपवाद तपासा: जुन्या मण्यात जाड तार ओवता यावी म्हणून कुणी भोक मोठं केलेलं असतं. अशा वेळी आतला कुठेतरी जुना भाग उरलेला दिसतो. मणी खरा असतो, पुरावा मात्र गेलेला असतो.

(भिंगाखाली मण्याची तोंडं.)

दोरा दगड झिजवतो. शतकभर माळेत लोंबलेल्या मण्याच्या भोकाची कड एका बाजूला जास्त गोलावते, कधी तिथे स्पष्ट खाच पडते. शेजारचे मणी घासून तोंडं सपाट होतात. नकली जुनेपणा आणायला मणी वाळूबरोबर पिंपात फिरवतात, तेव्हा झीज सगळीकडे सारखी येते, पोटावर आणि तोंडांवर, उंचवट्यावर आणि खाचेत. खरी झीज अशी वाटून येत नाही.

आता मणी उजेडासमोर धरा. भाजून लाल झालेल्या अकीकात रंग ढगासारखा विरत जातो. लोहक्षारात बुडवून रंगवलेल्या अकीकात तो पट्ट्यांत आणि तड्यांत गोळा झालेला दिसतो. आत गोल बुडबुडे असतील तर ती काच.

पांढरी नक्षी असलेल्या मण्यांबद्दल एवढंच: ही नक्षी रंगाची नव्हे. धुण्याचा सोडा वनस्पतीच्या चिकात कालवून मण्यावर रेघ काढायची आणि भाजायचं, की रेघेखालचा दगडच पांढरा होतो. सिंधमधल्या एका कारागिराकडून मॅके यांनी ही रीत टिपून घेतली आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात नेपतीच्या झुडपाच्या कोवळ्या फांद्यांचा रस होता. जुन्या मण्यात पांढरा थर बारीक तडकलेला, टोकांजवळ झिजलेला असतो, कुठे कुठे निघून जाऊन नुसती खडबडीत रेघ उरते. नखानं खरवडून निघाला तर तो रंग.

(टेबल. कुंचला, बांबूची काडी, कॅलिपर, कार्ड.)

मणी हाती आल्यावर पहिलं काम धुणं नव्हे. आधी फोटो, दोन्ही तोंडांचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग कोरडा मऊ कुंचला. भोकातली माती बांबूच्या काडीनं काढा, टाचणीनं नको, पोलादाचा ओरखडा पुढे हत्याराची खूण म्हणून वाचला जातो. निघालेली माती छोट्या पाकिटात ठेवा. लिंबू, व्हिनेगर, आम्ल अजिबात नाही. अकीक त्याला दाद देत नाही, पण त्याच माळेतला शंख आणि काच खराब होतात, आणि कुठला मणी काय आहे हे धुण्याआधी ठाऊक नसतं.

ठसा घ्यायचा तर फक्त अकीक, स्फटिक अशा घट्ट दगडांचा. शंख आणि शंखजिरं (एक मऊ दगड) सच्छिद्र, त्यात सिलिकॉनचं तेल मुरून डाग पडतो. भोकातून दोरा आधी ओवून ठेवा, म्हणजे ओढताना ठसा मध्ये तुटणार नाही. आत तडा दिसत असेल तर ठसा घेऊच नका.

मोजमाप कॅलिपरनं, ०.१ मिलिमीटरपर्यंत: लांबी, जास्तीत जास्त व्यास, दोन्ही तोंडांची भोकं वेगवेगळी. मग वजन. जुनी माळ असेल तर उसवण्याआधी मण्यांचा क्रम लिहा. आणि सगळ्यांत वर, कार्डाच्या पहिल्या ओळीत, जागा: गाव, टेकाडाची कुठली बाजू, कुणाकडून आला. 'दख्खन' लिहिलेलं कार्ड कोरं असल्यासारखंच.

कायदा थोडक्यात. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय होत नाही, खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि पाषाणशिल्पांची नोंदणी सक्तीची आहे. शिल्प दुसऱ्याच्या हाती गेलं तर तेही नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं. संरक्षित स्थळावरून काहीही उचलायचं नाही.

(पुन्हा टेकाड.)

टेकाडावर मणी दिसला तर तो आहे तिथेच राहू द्या. मोबाइलवर जागा नोंदवा, शेजारी नाणं ठेवून एक जवळचा आणि एक आजूबाजूच्या खुणा दिसतील असा लांबचा फोटो काढा, आणि राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. मण्याजवळ ढलप्या, अर्धवट घडलेले तुकडे किंवा विंधताना फुटलेले मणी दिसले तर ते आवर्जून कळवा. पूर्ण मणी कुठूनही आलेला असू शकतो, फुटलेला मणी कारखान्यातच पडतो.