टेबलं भिंतीला लावल्यावर

नमस्कार, श्रोतेहो.

नाशिकच्या गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला संध्याकाळी फेरी मारलीत, तर एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर काचेमागे लांबलचक टेबलं आणि त्यांवर मान खाली घालून बसलेली माणसं दिसतील. ती एका कंपनीची नसतात. कोणी बेंगळुरूच्या कंपनीचं काम इथे बसून करतं, कोणी जीएसटीची रिटर्न भरतं, कोणी लग्नाचे अल्बम डिझाइन करतं. महिन्याचं भाडं भरलं की खुर्ची, वीज, इंटरनेट आणि दोन वेळचा चहा. याला को-वर्किंग म्हणतात. घरून काम करून पाहिलेल्यांना अशी जागा कशाला लागते हे सांगायला नकोच. मीटिंग ऐन रंगात आलेली असते आणि आतून हाक येते, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर रे!"

अशाच एका जागेचं काम मी बघते. कम्युनिटी मॅनेजर असं भारदस्त पद आहे. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं हाही त्याचाच भाग. पण मला आज सांगायचंय ते शनिवारबद्दल. शनिवारी दुपारनंतर आम्ही टेबलं भिंतीला लावतो, खुर्च्या मोकळ्या करतो आणि तिथे काही ना काही शिकायचं-शिकवायचं चालतं. शनिवारच का? सातपूर-अंबडच्या बहुतेक कारखान्यांना शनिवारची सुट्टी असते. रविवार ठेवला तर कारखान्यातला माणूस येत नाही, आणि तो आला नाही तर निम्मी मजा गेली.

मुळात ही को-वर्किंगची कल्पना निघाली, तेव्हाच माणसं एकत्र आणणं त्यात होतं. २००५ सालच्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरने एका घरातली जागा आठवड्यातले दोन दिवस भाड्याने घेतली. घडीची टेबलं मांडली. सोबत सगळ्यांनी मिळून जेवण, थोडं ध्यान, सायकलवरून चक्कर असा बेत ठेवला आणि संध्याकाळी पावणेसहाला कुलूप. पहिला महिनाभर एक माणूस फिरकला नाही. नवीन जागा काढून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसलेल्या आमच्या क्षेत्रातल्या लोकांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

आता नाशिककरांना वाटेल, यात नवीन ते काय? खरं आहे. आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. गोदाघाटावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते, तिची शंभरी उलटली. दिवसभराच्या उन्हानंतर नदीकाठी सतरंजीवर बसून तास-दीड तास भाषण ऐकणारं गाव आहे हे. नाशिकला श्रोत्यांची वानवा कधीच नव्हती.

अडचण तिथेच येते. आपल्याला ऐकायची इतकी सवय, की कार्यशाळा म्हटलं तरी लोक हात मोकळे ठेवून येतात, मागच्या रांगेत बसतात आणि शेवटी "छान झालं हो" म्हणून जातात. सूत्रसंचालन, शाल, श्रीफळ, वक्त्याचा परिचय, परिचयाचा परिचय. व्याख्यानाला हे सगळं शोभतं. कार्यशाळेचा त्याने जीव जातो. म्हणून फोनवर कोणी चौकशी केली की मी आधी सांगते, येताना घरून काय आणायचं ते. ज्या कार्यशाळेला घरून काहीच आणायचं नसतं, तिला माझ्या मते खुशाल व्याख्यान म्हणावं.

एक उदाहरण जरा तपशिलात सांगते. वस्तूंचे फोटो मोबाइलवर कसे काढायचे, अशी कार्यशाळा आमच्याकडे झाली. शिकवणारा आमच्याच टेबलावर बसणारा फोटोग्राफर. येवल्याहून एक विणकर दादा आले होते, पिशवीत दोन पैठण्या घेऊन. त्यांची तक्रार अशी, की फोटो बघून गिऱ्हाईक "रंग वेगळाच आला" म्हणून साडी परत पाठवतं. फोटोग्राफरने आधी खोलीतले सगळे दिवे बंद केले. दिव्याचा उजेड आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की कॅमेरा गोंधळतो, रंग बिघडतो. मग साडी खिडकीजवळ, उजेड बाजूने येईल अशी पसरली आणि पलीकडून थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा धरला. फ्लॅश नाही, कारण फ्लॅशने जरीचे धागे नुसते पांढरे फटक दिसतात. मोबाइलच्या पडद्यावर काठावर बोट टेकवलं, उजेड थोडा खाली ओढला, आणि मोराचा एकेक धागा दिसायला लागला.

तरी रंगाचा प्रश्न होताच. तेव्हा दादा म्हणाले, "अहो, हिचा रंग एक नाहीच मुळी. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. धूपछाव आहे ती. तुम्ही इकडून बघाल तर जांभळी, तिकडून बघाल तर लाल." मग ठरलं, एक फोटो पुरणारच नाही, साडी हातात धरून हलवतानाचा छोटा व्हिडिओ हवा. दादांनी आणखी एक सांगितलं. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. यंत्रमागाच्या साडीला उलट बाजूने सुटे, कापलेले धागे दिसतात. "मग उलट्या बाजूचा फोटो का नाही टाकत?" फोटोग्राफरने विचारलं. दादा क्षणभर बघतच राहिले. पिढ्यान् पिढ्या ती उलटी बाजू ते गिऱ्हाइकाला दुकानात हाताने उलटून दाखवत आलेत, मोबाइलवर दाखवायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

त्या दिवशी शिकवायला कोण आलं होतं आणि शिकायला कोण, हे मला सांगता येणार नाही. ते तसंच व्हायला हवं.

द्राक्षांचंही ऐका. शेतीतल्या फवारणीच्या नोंदींसाठी आमच्याकडच्या एका मुलाने ॲप बनवलं होतं. निर्यातीच्या बागेला या नोंदी चुकत नाहीत. २००६ पासून अपेडा या शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटची नोंद लागते, माल जायच्या आधी औषधांचे अंश तपासले जातात. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी युरोपात आपले द्राक्षांचे कंटेनर अडकले, त्याची आठवण निफाड-दिंडोरी पट्ट्यात काढली की अजून लोक गप्प होतात. तर मुलाने मोठ्या उत्साहाने ॲप पडद्यावर दाखवलं. औषधाचं नाव, त्यातला घटक, प्रमाण, प्लॉट, वेळ, वारा, सगळ्याला वेगवेगळे रकाने. पिंपळगावकडचे एक बागायतदार शांतपणे बघत होते.

"हे तू कुठे बसून बनवलंस रे?"

"इथेच, काका."

"ते दिसतंयच."

सगळे हसले, तोही हसला. मग काकांनी त्याला समजावलं. पहाटे फवारणीचा ब्लोअर चालू असतो, हातात मोजे, तोंडाला फडकं, मोबाइल घरी चार्जिंगला. रकाने भरणार कोण? संध्याकाळी आठवेल तेवढं डायरीत उतरतं. "मला बोलून सांगता आलं पाहिजे, आणि बाटलीवरचं लेबल आहे ना, त्याचा फोटो घे की. त्यावर सगळं छापलेलं असतं, बॅच नंबरसकट." मुलाने बरेचसे रकाने तिथल्या तिथे उडवले. एरवी हे त्याला कळायला एखादा हंगाम गेला असता. आणि हंगामावरून आठवलं, ऑक्टोबरात गोडी छाटणीच्या वेळी शेतकऱ्यांसाठी काहीही ठेवू नये. चहावाला सोडून कोणी येत नाही.

सगळ्यात जास्त गर्दी मात्र होते ती अडकलेल्या बिलांच्या कार्यशाळेला. स्वतंत्र काम करणाऱ्या माणसाचं मुख्य दुखणं हेच. काम वेळेत जातं, पैसे येत नाहीत. आमच्याकडे बसणाऱ्या एका सीए ताईंनी हा विषय घेतला. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात तरतूद आहे, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत द्यायचे आणि ती मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही. लेखी ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. घरात बसून वेबसाइट बनवणाऱ्या मुलीलाही हा कायदा लागू होतो, फक्त उद्यम नोंदणी करून ठेवलेली असावी. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन असलं की होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारी जी पानं इंटरनेटवर दिसतात, ती मध्यस्थांची. तिकडे जाऊ नका.

कायदा सांगून झाल्यावर ताईंनी सगळ्यांना लॅपटॉप उघडायला लावले: ज्याच्याकडे पैसे अडकलेत, त्याला आत्ता मेल लिहा. श्रोतेहो, पैसे मागताना मराठी माणसाची जी त्रेधातिरपीट उडते ती बघण्यासारखी असते. "सर, आपल्या सोयीने बिलाचं बघावं ही नम्र विनंती." एकाने तर "तसदीबद्दल क्षमस्व" असं लिहिलं होतं. स्वतःच्याच पैशांसाठी क्षमा! ताईंनी एकेक मेल मोठ्याने वाचून दुरुस्त केला. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, कोणत्या तारखेला येणं होती, आता कोणत्या तारखेपर्यंत हवी. बस. कायद्याचं नाव पहिल्या मेलमध्ये नको. बिलाच्या तळाला उद्यम नंबर छापलेला असला की समोरच्या कंपनीचा अकाउंटंट काय समजायचं ते समजतो. तिसऱ्या आठवणीनंतरही हललं नाही तर सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, तक्रार तिथे जाते. पण बहुतेकांचं काम त्याच्या आधीच होतं. एकाच्या मेलला तर चहा संपायच्या आत उत्तर आलं, "मंगळवारी पाठवतो." मंगळवारी आले की नाही ते त्याने मला सांगितलं नाही, पण पुढच्या महिन्याचं भाडं मात्र वेळेवर दिलं.

नेटवर्किंग या नावाखाली जे चालतं त्याबद्दल मी फार बोलणार नाही. व्हिजिटिंग कार्डं वाटायची, प्रत्येकाने एका मिनिटात स्वतःची जाहिरात करायची. घरी गेल्यावर खिशात कार्डं असतात, पण कुठलं कोणाचं ते आठवत नाही. त्यापेक्षा सकाळी सगळ्यांना मिसळ खायला न्यावं. नाशिककर मिसळीला वेळेवर येतो आणि रस्सा दुसऱ्यांदा मागवेपर्यंत कामाचं बोलणं आपोआप निघतं. फुकट कार्यक्रमांचंही तसंच, नाव नोंदवतात सगळे आणि येतात थोडे. शंभर रुपये ठेवले की माणूस येतो, कारण दिलेले शंभर वसूल करायचे असतात. त्या शंभरात चहा-चिवडा देतो, त्यामुळे कुरकुर नसते.

१९८५ साली हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन माणसाने सभा भरवण्याची एक वेगळीच पद्धत काढली. मोठी परिषद भरवून झाल्यावर त्याला कळलं, की लोकांना सगळ्यात उपयोगी वाटली ती चहाची सुट्टी. मग त्याने सगळी परिषदच चहाच्या सुट्टीसारखी करायचं ठरवलं. विषय आधी ठरलेले नाहीत, आलेल्यांनीच भिंतीवर कागद चिकटवून ठरवायचे. आणि नियम एकच: जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून आपल्या पायांनी दुसऱ्या गटात जायचं. हे आमच्याकडे करून पाहिलं. कागद उत्साहाने चिकटले. उठायला मात्र कोणी तयार होईना. मधूनच उठणं म्हणजे बोलणाऱ्याचा अपमान, हे आपल्या रक्तातच आहे. शेवटी चहाची किटली मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. चहाच्या निमित्ताने उठायला कोणाची हरकत नसते. येताना माणूस दुसऱ्याच गटाजवळ थांबतो.

आपल्या शहरात यापेक्षा कितीतरी मोठं काम अशाच पद्धतीने होऊन गेलंय. २००३ च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. २०१५ च्या सिंहस्थाच्या तयारीत, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटी मीडिया लॅबमध्ये असलेले प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभमेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधणारं कुंभथॉन झालं. विद्यार्थी, डॉक्टर, पालिकेची माणसं, इंजिनिअर एकत्र बसले. त्यातून एका शाळकरी वयाच्या नाशिककर मुलाच्या गटाने रस्त्यावर अंथरायची चटई बनवली. पाऊल पडलं की तिच्यातले सेन्सर मोजतात, त्यामुळे कुठल्या वाटेवर गर्दी दाटतेय ते वेळेत कळतं. पुढे टीसीएसने नाशिकमध्ये डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नव्या कल्पनांवर काम करणारं केंद्र सुरू केलं, तेही याच ओघात. आता २०२७ चा सिंहस्थ आहे. रामकुंडावरच्या गर्दीची नाडी जाणणारे पुरोहित, फुलं विकणाऱ्या बाया, रिक्षावाले यांना एका टेबलाभोवती बसवलं, तर काय काय निघेल याची मला फार उत्सुकता आहे. त्यांना लॅपटॉप आणायला सांगू नये, इतकंच.

हे सगळं करायला को-वर्किंगची काचेची जागाच हवी असं नाही. सिन्नर, निफाड, चांदवड, येवला, जिथे म्हणाल तिथे गावाचं वाचनालय असतं, आणि वाचनालयाला छोटंमोठं सभागृह असतं. दुपारी बारा ते चार ते बहुधा कुलूपबंद असतं. किल्ली चिटणिसांकडे. त्यांना जाऊन भेटा, लाइटबिलापुरते पैसे आणि झाडलोट आमच्याकडे म्हणून सांगा. सहसा नाही म्हणत नाहीत. खुर्च्यांची रांग मोडायची आहे हे मात्र आधीच सांगून ठेवा, कारण ती रांग लावणारे शिपाईमामा त्यावर फार नाराज होतात.

नमस्कार.